आठ ग्रॅम दारू

३ ऑगस्ट २०१९

ही वही मी घरी भरतो त्या काडतुसांची आहे. कुठल्या तारखेला किती भरली, कुठली पितळी पुंगळी कितव्यांदा वापरली, हवा किती थंड होती, एवढंच हिच्यात असायचं. पण आज जे झालं ते सांगू कुणाला? माझी बायको हेल्वी म्हणायची, "तोंड उघडण्याआधी वहीत लिही टौनो, मग उरलं तर बोल." तिला जाऊन दोन हिवाळे झाले. तेव्हा वहीतच लिहितो.

आज चांदमारीवर मूसच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीची परीक्षा होती. दर तीन वर्षांनी द्यावी लागते. मूसच्या चित्रावर थाळीएवढा गोल असतो, त्यात पंचाहत्तर मीटरवरून चार गोळ्या मारायच्या. नाही जमलं तर ऑक्टोबरात रायफल घेऊन जंगलात पाऊल टाकायचं नाही. मी एकतीस वर्षं ही परीक्षा देतोय. डोळे मिटून देईन.

दोन गोळ्या बरोबर मधोमध बसल्या. तिसरी झाडली आणि रायफलीचा बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर काढायची मागची कडी, उघडेना. उघडेचना! तळहाताने ठोकला, तेव्हा कुठे हलला. सगळे बघत होते.

"थांब टौनो," ओस्मो म्हणाला. "पुंगळी दाखव इकडे."

ओस्मो आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख. परीक्षाही तोच घेतो. पहिलीत माझ्या शेजारी बसून चड्डी ओली करायचा, तो हा ओस्मो. पुंगळी उन्हात धरून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "टोपी बघ. इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. आणि बुडाला हा चकचकीत ओरखडा. काडतूस भरलंस का बॉम्ब, लेका?"

पाच जण हसले. त्यांची नावं शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

पुंगळीच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी निरोगी असेल तर तिच्या कडा गोल राहतात. आतला दाब वाढला की ती चपटी होते. आणखी वाढला की बोल्ट अडकतो. त्याहून वाढला तर टोपी फुटते आणि जळता वायू मागे येतो, थेट झाडणाऱ्याच्या तोंडावर. हे मला ओस्मोने शिकवायचं? चाळीस वर्षं मी भरतोय. तीच बंदुकीची दारू, तेच माप, त्याच गोळ्या. एकदाही बोल्ट अडकला नाही.

"दोष शोध, मग ये," तो म्हणाला. "नाहीतर दुकानातली काडतुसं घे."

दुकानातली! मी!

५ ऑगस्ट

काटा तपासला. तपासणीची वजनं ठेवून तीन वेळा तपासला. केसभरसुद्धा चूक नाही. पुंगळ्यांची लांबी मोजली, दोन जरा वाढलेल्या होत्या, त्या कापल्या. बाकी सगळ्या ठीक. दोन पुंगळ्यांनी सगळ्यांचा दाब वाढत नाही, एवढं मला कळतं.

इथे सौन्याच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत उजेड बरा असतो. एप्रिलपासून मी इथेच राहतो. घर मुलीला, सिर्पाला, आणि जावयाला दिलं. मीच म्हणालो होतो, घर तुम्ही घ्या, मला सौन्याची खोली पुरे. पण "छे छे बाबा, असं कसं," असं एकदा तरी म्हणायला नको? सिर्पा म्हणाली, "बघू." आणि अर्तो, म्हणजे तिचा नवरा, त्याच संध्याकाळी फूटपट्टी घेऊन खोलीची मापं घ्यायला आला. लाकूडगिरणीत फळ्या वाळवायच्या भट्टीवर कामाला आहे तो. त्याला मापं घेण्यापलीकडे काही सुचत नाही.

तरी खोली छान केली. खिडकीखाली भरण्याचं टेबल, कोपऱ्यात शेगडी, शेगडीच्या मागच्या विटांच्या भिंतीवर फळी. हेल्वी त्या फळीवर राय धान्याचे पाव वाळवायची. आता तिथे दारूचा डबा असतो. युद्धातून आलेल्या बापाने एकच गोष्ट माझ्या मनावर बिंबवली होती: दारूला ओल लागली की माणूस मेला. म्हणून उन्हाळ्यातही रोज शेगडी पेटवून मी डबा उबेत ठेवतो, आणि आत दमटपणा धरू नये म्हणून झाकण काढून वर स्वच्छ सुती कापड बांधतो. चाळीस वर्षं दारूचे डबे तळघरात असायचे, नेहमी घामेजलेले. आता हा कसा खडखडीत राहतो.

म्हणजे दारूत दोष असणं शक्य नाही.

११ ऑगस्ट

एकोणतीस अंश! इथे उत्तरेला, कायनूत! उन्हाने दाब वाढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवशीही उन्हाचाच प्रताप. ओस्मोला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी अठरा होते टौनो." मी फोन ठेवून दिला.

अर्तोने करून दिलेलं स्टूल डगमगायला लागलं. चार महिने नाही झाले! आणि कुऱ्हाडीचं पातं दांड्यात खुळखुळतं, ते त्यानेच बसवलं होतं. लाकडात काम करणाऱ्या माणसाला सांधा बसवता येत नाही. माझ्या मुलीने याच्यात काय बघितलं देव जाणे.

१९ ऑगस्ट

सकाळी पाऊस, अकरा अंश. चांदमारीवर मी एकटाच. आधी नळी घासून घासून आरशासारखी केली. टोप्या बदलल्या, जुन्या खोक्यातल्या घातल्या. गोळी थोडी आत बसवली, म्हणजे नळीच्या आट्यांना टेकत असेल तर तोही संशय जावा.

पहिलं काडतूस: बोल्ट घट्ट. टोपी चपटी. दुसरं: तसंच. तिसरं मी झाडलंच नाही.

ऊन नाही, काटा नाही, पुंगळी नाही, टोपी नाही, गोळी नाही, नळी नाही. सगळं एकेक करून खोडलं. आता उरतो फक्त माणूस. घरातला.

परतताना सिर्पा अंगणात होती. "सापडलं का रे बाबा?" "सापडेल," म्हटलं. "सापडलं की कळेलच सगळ्यांना."

"ओठ किती फुटलेत तुझे," ती म्हणाली. "पाणी पितोस ना?"

२८ ऑगस्ट

सापडलं! आठ ग्रॅम!

एप्रिलमध्ये किलोचा डबा फोडला. या वहीत प्रत्येक काडतुसाची नोंद आहे. वापरली किती, सांडली किती (सांडत नाही), उरायला हवी किती. आज डबा वजनाला लावला. आठ ग्रॅम कमी. चार वेळा लावला. आठ म्हणजे आठ.

दारू आपल्या पायांनी चालत जात नाही. कुणीतरी काढली. आणि काढताना नुसती काढली असेल कशावरून? दुसरी कुठली तरी तेज दारू मिसळून ठेवली असेल. म्हणूनच बोल्ट अडकतोय!

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरात गेलो. दोघं कॉफी घेत होते.

"दारू कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली दारू?" अर्तो म्हणाला. तोंडात पाव.

"आठ ग्रॅम. माझ्या डब्यातली."

"आठ ग्रॅम म्हणजे किती, बाबा? चमचाभर?" सिर्पा हसायला लागली. तिचं ते हसणं मला सहन झालं नाही.

"चमचाभर असो नाहीतर चिमूटभर! माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोण येतं?"

अर्तोचे कान लाल झाले. तो फार बोलत नाही, त्याचे कान बोलतात. "आप्पा, मी तुमच्या खोलीत शेवटचा आलो तो मे महिन्यात. स्टूल द्यायला."

"हो! आणि तेही डगमगतं!"

"डगमगतं?" तो म्हणाला आणि चक्क विचारात पडला. चोरीचा आरोप केलाय आणि हा माणूस स्टुलाचा विचार करतोय. "कुठल्या पायाला?"

मी दार आपटून निघालो. बिजागरी तुटली. आता तीही मलाच बसवावी लागेल, नाहीतर तोच बसवील आणि ती महिन्याभरात निखळेल.

९ सप्टेंबर

बारा दिवस घरात गेलो नाही. सिर्पा जेवण आणून पायरीवर ठेवते. मी कुत्रा आहे का?

आज ती आत आली. उभ्यानेच बोलली. "बाबा, माझीही परीक्षा आहे एकवीस तारखेला. मागची तुझ्याबरोबरच दिली होती, आठवतं ना? माझीही मुदत संपते आहे."

रायफल एकच आहे आणि परवाने दोन, तिचा आणि माझा. सोळा वर्षांची होती तेव्हापासून आम्ही ती वाटून घेतो. पहिला मूस तिने माझ्या काडतुसाने पाडला. दोन हातांनी माझा हात धरून नाचली होती बर्फात.

"मग? काडतुसं देतो," म्हटलं.

"नको." हळू आवाजात. "अर्तोने दुकानातलं खोकं आणलंय. तू दोष शोध, मग पुन्हा तुझी वापरीन. पण आत्ता नाही. डोळा माझा आहे, बाबा."

अर्तोने आणलंय! ज्याला रायफलीचं कुठलं टोक पुढे धरायचं ते ठाऊक नाही, त्याने माझ्या मुलीला काडतुसं आणून दिली. आणि तिने घेतली.

रात्री दव पडायला लागलंय. शेगडी आता दिवसभर आणि रात्रभर चालू ठेवतो.

२० सप्टेंबर

ओस्मो भेटला, म्हणाला, "माप थोडं कमी करून बघ ना, त्यात काय कमीपणा आहे?" कमीपणा आहे! माप कमी करणं म्हणजे चूक कबूल करणं. आणि चूक माझी नाही. त्या डब्यात अर्तोने काय घातलं असेल ते असो, वरची दारू काढून मी तळाची घेतली, तिथे कुणाचा हात पोचलेला नाही. पाच काडतुसं भरली. पूर्ण माप. चाळीस वर्षांचं माप.

दिसायला दुकानातल्यासारखीच दिसतात. पुंगळ्या त्याच कारखान्याच्या, गोळीही तीच.

२१ सप्टेंबर, सकाळ

सिर्पाची पिशवी ओसरीवर होती. ते दोघं आत कॉफी घेत होते. खोक्यातली वरची रांग काढली, पाच काडतुसं, आणि माझी पाच ठेवली. अर्धं मिनिट लागलं.

ती चार गोळ्या मारील, मधोमध, आणि बोल्ट लोण्यासारखा उघडेल. ओस्मो तिची पाठ थोपटील. मग मी सगळ्यांसमोर सांगणार, कुणाची काडतुसं होती ती. अर्तोचा चेहरा बघायचाय मला.

  गाडीत मागे बसून जातो.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ

पहिलीच गोळी.

आवाज वेगळा आला. फाटल्यासारखा. सिर्पाने रायफल खाली ठेवली, शांतपणे, नळी निशाणाकडे करून, जसं मी शिकवलं तसं. मग गालावर हात ठेवला आणि बसली.

टोपी फुटली होती. वायू बोल्टमधून मागे आला. तिचा संरक्षक चष्मा डाव्या बाजूने काळा झाला होता, आणि चष्म्याच्या खाली गालावर युरोच्या नाण्याएवढं भाजलेलं.

"चष्मा नसता," ओस्मो म्हणाला. 

अर्तो तिच्यापाशी धावला. त्याने आधी काय केलं तर खोकं उचलून खिशात कोंबलं, तिच्या हाताजवळ ते राहू नये म्हणून. मग बाटलीतलं पाणी तिच्या गालावर ओतत राहिला. बोल्ट असा रुतला होता की तो उघडायला रायफल बंदुकीच्या कारागिराकडे न्यावी लागली.

"कुणाची काडतुसं?" ओस्मोने विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझी," अर्तो म्हणाला. "म्हणजे मी आणलेली. दुकानातली."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. मग ओस्मो म्हणाला, "बघ टौनो, दुकानातल्यांचाही भरवसा नाही. तुझी माफी मागायला हवी आम्ही," आणि मी तोंड मिटलं.

२२ सप्टेंबर

काही लिहायचं नाही.

२४ सप्टेंबर

अर्तो आला. दार वाजवून आला, स्वतःच्या घरात.

हातात ते खोकं. डोळे असे की दोन रात्री झोपलेला नसावा. म्हणाला, "आप्पा, तुम्हाला यातलं कळतं. मला नाही कळत. ही मी तिच्या हातात दिली. आत काय होतं ते मला बघायचंय."

 नाही म्हणायला काही कारण सुचेना. गोळ्या उपटायचं हत्यार काढलं. त्याने स्वतःच खोक्यातून दोन काडतुसं घेतली, एक वरच्या रांगेतलं, एक खालच्या. मी उघडली. त्याने आतली दारू पांढऱ्या कागदावर ओतली, शेजारी शेजारी.

एका ढिगात बारीक गोल दाणे. दुसऱ्यात छोट्या काड्या.

"ही वेगळी दिसते," तो म्हणाला.

"कारखान्यात होतं असं कधी कधी," मी म्हणालो. "एकाच खोक्यात दोन तऱ्हेची."

"हं," तो म्हणाला. बराच वेळ काड्यांकडे बघत बसला. बुद्धी जरा मंद आहे, बरं झालं. मग दोन्ही ढीग वेगवेगळ्या कागदांत नीट बांधून खिशात ठेवले. दुकानदाराला दाखवायला असतील.

मग तो स्टुलावर हलून बसला. स्टूल करकरलं. त्याने उठून ते उलटं केलं, पाय हाताने फिरवला. पाय सुटून हातात आला. "हे मी आठ टक्के ओलीवर जोडलं होतं," तो म्हणाला. "आता इथे चार टक्केही नाही. आमची भट्टीसुद्धा एवढं वाळवत नाही." त्याने हात वर करून फळीवर टेकवला आणि लगेच काढून घेतला. मग डब्यावरचं कापड उचलून आत बघितलं.

"ही दारू इथे कधीपासून आहे?"

"एप्रिल."

"झाकण न लावता?"

"कापड आहे ना!"

तो खाली बसला, जमिनीवरच. आणि माझ्याकडे न बघता बोलला, इतकं सलग मी त्याला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आम्ही भट्टीत नमुन्याची फळी ठेवतो. रोज वजन करतो. फळी तीच दिसते, लांबी तीच, पण वजन उतरत जातं. कुणी तिचा तुकडा कापून नेत नाही आप्पा, पाणी जातं. किलोत आठ ग्रॅम म्हणजे पाणीच. दारूतही थोडी ओल असते ना? ती गेली. तुम्ही माप तेच ठेवलंत, पण त्या मापात आता पाणी कमी आणि दारू जास्त. आणि वाळलेलं सरपण कसं भडकतं ते तुम्हाला मी काय सांगू."

तो उठला.

"ती वापरू नका," तो दारातून म्हणाला. "कृपा करून."

तो गेल्यावर मी डबा खाली काढला. पाच महिने. शेगडी आधी रोज, मग दिवसरात्र. मी स्वतःच्या हातांनी भाजत होतो ती, आणि शोधत होतो सगळीकडे, जावयाच्या खिशातसुद्धा, फक्त स्वतःच्या डोक्यावरच्या फळीकडे बघितलं नाही. दारू बटाट्याच्या रानात पातळ पसरून टाकली. भरलेली सगळी काडतुसं उकलली. 

आणि बापावर राग आला. मेलेल्या बापावर! त्याच्या युद्धातल्या चिखलात त्याचं बरोबर होतं.

२९ सप्टेंबर

मंडळाच्या छपरीत कामाचा दिवस. ऑक्टोबरात मूस टांगायच्या आधी सगळे मिळून साफसफाई करतो, सरपण फोडतो. अर्तो शिकारी नाही, तरी आला, करवत घेऊन.

कॉफीच्या वेळी ओस्मो सुरू झाला. "काय रे अर्तो, सासरा चाळीस वर्षं काडतुसं भरतोय, आणि तू स्वस्तातलं खोकं उचललंस होय? बायकोचा डोळा घालवला असतास लेका!" हसले. तेच पाच जण.

"पुढच्या वेळी तिला गलोल दे," दुसरा म्हणाला.

अर्तोने कपातली कॉफी संपवली आणि पुन्हा करवत हातात घेतली. बस्स. कान लाल, पण तोंडातून शब्द नाही. दुकानदाराकडे तक्रार करणार होता, तीही केली नाही म्हणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. का बोलत नाही हा? दुसऱ्या कुणाला असं बोलले असते तर त्याने करवत फेकून मारली असती! मी असतो तर मारली असती. माणूस आहे का ओंडका?

घरी येईपर्यंत तोच राग. आणि दारापाशी आल्यावर कळलं, राग त्याच्यावर नव्हताच.

सरळ स्वयंपाकघरात गेलो. सिर्पा लाल बोरं निवडत होती. गालावर पट्टी. अर्तो हात धुत होता.

"ती काडतुसं माझी होती," मी म्हणालो. "सकाळी पिशवीतून बदलली."

सिर्पाचा हात बोरांत तसाच थांबला. "किती?"

"काय किती?"

"किती बदललीस, बाबा?"

"पाच."

"म्हणजे पहिलं कसंबसं झेपलं असतं तर मी दुसरंही झाडलं असतं." आवाज चढवला नाही तिने. हेल्वीही चढवायची नाही. "तिसरंही."

मी मान हलवली.

अर्तोने हात पुसले, पाकिटातून दोन घड्या घातलेले कागद काढले आणि टेबलावर ठेवले. एकात गोल दाणे, एकात काड्या. काड्यांच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं होतं, "फळीवरच्या डब्यासारखी."

"चोवीस तारखेपासून?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस? ओस्मो तुझी लाज काढत होता!"

"तुम्ही बोलाल असं वाटलं," तो म्हणाला. "थोडा वेळ लागेल, एवढंच."

"आणि तू?" सिर्पा आता त्याच्याकडे वळली, आणि आता मात्र आवाज चढला. "पाच दिवस खिशात घेऊन फिरलास? माझा गाल आहे हा! तुम्हा दोघांचा कागद नाही!" बोरांचं भांडं आपटून ती बाहेर गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बोरं वेचत राहिलो. तो टेबलाखालची, मी शेगडीकडची. माझ्या आयुष्यात त्याच्याबरोबर केलेलं ते पहिलं काम.

परत आल्यावर ती एकच म्हणाली, "रायफलच्या कपाटाची किल्ली दे." मी दिली.

ओस्मोला फोन मीच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यंदा तुला जागा नाही, टौनो. हाक्याला ये. ओरडायला तरी येतंच तुला."

१२ ऑक्टोबर

पहिला दिवस. उणे दोन, गवतावर पांढरं दव.

एकतीस वर्षं दलदलीच्या कडेची ती जागा माझी होती. आज तिथे सिर्पा बसली. गेल्या आठवड्यात तिने परीक्षा दिली, कारागिराने तपासून दिलेल्या रायफलीने, खोक्याच्या खालच्या रांगेतल्या काडतुसांनी. मी नारिंगी जाकीट घालून हाकेवाल्यांच्या रांगेत. दलदलीत गुडघाभर पाणी, आणि ओरडायचं, रान उठवायचं. मी ओरडलो. ओस्मोवर ओरडलो, बापावर ओरडलो, शेगडीवर ओरडलो. शेजारचा हाकेवाला म्हणाला, "टौनोआजोबा, मूस रशियात जातील." तासाभराने घसा बसला आणि नुसतीच हवा येत राहिली.

मग एक बार. एकच. कोरडा, नेमका.

झुडपांतून बाहेर आलो तेव्हा सिर्पा उभी होती. समोर पन्नास पावलांवर तरणा नर पडलेला. गालावर पट्टी नव्हती आता, गुलाबी वर्तुळ दिसत होतं. तिथे डाग राहणार आहे, डॉक्टर म्हणाले.

 तिने माझ्यासमोर बोल्ट उघडला, दोन बोटांनी. पुंगळी बाहेर पडली. तिने ती उचलली, माझा हात ओढून तळहातावर ठेवली. अजून गरम होती.

"बघ," ती म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पुसायला वेळ लागला.

"कडा गोल आहेत," मी म्हणालो. 

"मला दिसतंय. तूच शिकवलंस बघायला." मग खिशातला थर्मास काढून माझ्या हातात दिला. "पी. ओठ फुटलेत."

नोंद करायची राहिली. १२ ऑक्टोबर, उणे दोन. काडतूस एक, दुकानातलं, अर्तोने आणलेलं. टोपी गोल. बोल्ट हलका. झाडणारी सिर्पा.